सागवानाचं निंदण

माझं माहेर वडनेरकडचं, कापसाचं. आमच्याकडे बाई कशी आहे ते तिच्या वावरावरून ठरतं. वावरात चार काड्या तणाच्या दिसल्या की जाणारी-येणारी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, थांबून विचारणार, "काऊन वं, बरं नाई का? निंदण नाई काढलं यंदा?" वरून काळजी, आतून टोमणा. माझ्या मायनं आम्हा बहिणींना चालायला शिकवलं आणि लगेच हातात विळा दिला. कापूस सोडून वावरात जे जे हिरवं दिसेल ते उपटायचं, एवढंच शेतीचं शिक्षण. ते मी इतकं मन लावून घेतलं की पुढे जिथे नको तिथेही वापरलं.

लग्न होऊन आले ती आर्वी तालुक्यात, रोहण्यापासून आत, जंगलाच्या काठाला. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. नवरा नोकरीपायी वर्ध्याला, पिपरी मेघेत खोली करून राहायचा आणि शनिवारी घरी यायचा. म्हणजे घरात आम्ही दोघंच, मी आणि मामाजी. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. मामाजी वनखात्याच्या नर्सरीत मजूर होते. सारी उमर त्यांनी सागवानाची रोपं केली. बी भिजवायचं, वाळवायचं, परत भिजवायचं, वाफ्यात टाकायचं, वर्षानं रोप उपटून अंगठ्याएवढी मुळाची कांडी छाटून ठेवायची. पावसाळ्यात ट्रॅक्टर यायचा, कांड्यांचे गठ्ठे भरून निघून जायचा. कुठल्या डोंगरावर लागल्या, जगल्या की मेल्या, नर्सरीतल्या माणसाला कोण सांगतो?

निवृत्त झाल्यावर त्यांनी घरची बरड जमीन धरली. तिथे कापूस कधी गुडघ्याच्या वर गेला नव्हता. पहारीनं भोक पाडून एकेक कांडी स्वतःच्या हातानं लावली. मी लग्न होऊन आले तेव्हा झाडं माझ्या खांद्याला होती. आज दोन मजली घराएवढी आहेत. या वावराला एका अंगानं सरकारी जंगल, दुसऱ्या अंगानं नाला. धुऱ्यानं पूर्वीपासूनची रानटी झाडं होती, बहावा, पळस, एक-दोन धावडे आणि नाल्याच्या काठानं निरगुडीचं बेट.

मामाजींच्या डोळ्यांचं कळलं ते उशिरा. बाजूनं येणारी सायकल त्यांना दिसायची नाही, उंबऱ्याला ठेच लागायची, आणि हा गडी म्हणायचा, "उंबराच वर आला बाप्पा." वर्ध्याला डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू. उजवा डोळा गेलेलाच होता, डावा बाजूबाजूनं मिटत आलेला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपायची, तीही किती दिवस राहील सांगता येत नाही. मामाजींना मधोमध तेवढं दिसायचं, बांगडीतून पाहावं तसं. माझं तोंड बघायचं तर आधी कपाळ, मग नाक, मग हनुवटी असं मान हलवून बघायचे. मला हसू यायचं आणि मग हसल्याची लाज वाटायची.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले. पुलगाव गेल्यावर म्हणाले, "पोरी, सागाले तुरा कवा येते मालूम हाये का तुले?"

"पावसाळ्यात येतो ना."

"आपल्याले येत्या साली येईल. लाखानं कांड्या छाटल्या म्या. पन म्या लावलेल्या झाडाचा तुरा म्या एकदाही नाई पाह्यला. डोळा तेवढा टिकला पाह्यजे."

बस, एवढंच मागणं. देवाकडे नाही, माझ्याकडेही नाही, खिडकीबाहेर बघत म्हटलेलं. पण माझ्या डोक्यात ते पक्कं बसलं. येता पावसाळा. सागवानाचा पांढरा तुरा शेंड्यावर येतो, परातीएवढा पसरतो, लांबून उठून दिसतो. बांगडीतून बघणाऱ्यालाही दिसेल. तोवर त्या झाडांना काही होता कामा नये, असं मी ठरवलं.

आणि कापसातली बाई झाडांसाठी काय करणार? निंदण काढणार.

त्या हिवाळ्यात मी कंबर कसली. सागवानाच्या ओळीत जे जे घुसलं होतं ते सारं काढलं. पळसाची झुडपं, तरोटा, बोरी, रानवेली. दोन बाया सोबत घेतल्या आणि वावर असं लख्ख केलं की इकडून उभं राहिलं तर तिकडचा नाला दिसावा. शनिवारी नवरा आला, बघून म्हणाला, "अवं, झाडू मारला का काय जंगलाले?" मी फुशारून गेले. मग धुऱ्यावरचे बहावे राहिले होते. वाकडेतिकडे, शेंगा लोंबणारे, सागवानाच्या अंगावर झुकलेले. मी कुऱ्हाडवाला बोलावला.

मामाजी काठी टेकत आले. बहाव्याच्या सालीवर हात ठेवून म्हणाले, "हे राहू दे ना. काय घेऊन राह्यलं तुह्यं?"

"मामाजी, फालतू झाड हाये. सागाचं पानी पिते. मी साफ करून राह्यली ना, तुमी बसा सावलीत."

"जंगलाले थोडं जंगल असू दे वं."

"जंगल तिकडे हाये नं, सरकारचं. हे आपलं वावर होय."

ते बसले. बहावे पडले. मी कुणाचं ऐकणारी नव्हतेच कधी, आणि तेव्हा तर मला वाटत होतं की मी त्यांच्याचसाठी करते आहे. माणूस दुसऱ्यासाठी काही करायला निघाला की त्याच्यासारखा बहिरा कोणी नाही!

एक निरगुडी मात्र मी ठेवली. ती माझ्या कंबरेसाठी. लहानपणापासून वाकून वाकून कापूस वेचला, तेव्हापासून थंडीत कंबर अशी धरायची की सकाळी खाटेवरून उठताना भिंत धरावी लागे. निरगुडीचा पाला पाण्यात उकळायचा, त्या पाण्यानं शेकायचं, उरलेला चोथा फडक्यात बांधून कंबरेला लावायचा. गावातल्या साऱ्याच बाया नेतात. औषधाच्या झाडाला कुऱ्हाड लावत नाहीत, हे तर कोणीही सांगेल. मामाजी एकदा त्या बेटाजवळ बराच वेळ उभे होते. पाला चुरून बोटं नाकाशी नेली, आणि घरी निघून आले. 

जून आला. सागवानाला तांबूस कोवळी पानं फुटली. मामाजी रोज सकाळी माझा हात धरून वावरात यायचे आणि मान हलवत हलवत एकेक झाड खालून वर बघायचे. एका झाडाच्या शेंड्याकडे बोट करून म्हणाले, "तो जाड दिसते, तिथून निघंल तुरा." मला काही जाड दिसलं नाही. पण चाळीस वर्षं नर्सरीत काढलेल्या माणसाशी कोण वाद घालणार!

मग ते पतंग आले. नखाएवढे, मातकट, बघून न बघितल्यासारखे. उडाले की आतले पंख नारिंगी दिसायचे. निरगुडीच्या बेटात काठी घातली की भुर्रकन उठायचे. मी म्हटलं, पावसाळ्याचे किडे, असतात. चार-आठ दिवसांत निरगुडीच्या शेंड्यांना भोकं पडली, पानांच्या कडा दुमडून आत बारीक काळपट अळ्या. मला वाटलं, बरं झालं, निरगुडी खातात तर खाऊ दे, सागाला सोडलं म्हणजे झालं. अशी माझी अक्कल.

पुढच्या पंधरवड्यात पावसानं ओढ दिली. ऊन कडक. एक दिवस दुपारी आम्ही दोघं वावरात गेलो. मामाजी मधेच थांबले. तोंड वर केलं, हात पसरला.

"पानी सुरू झालं वं."

मीही ऐकलं. टप टप टप टप, बारीक, सगळीकडून. पाचोळ्यावर पाऊस पडावा तसंच. पण आभाळ कोरडं होतं. मी त्यांच्या पसरलेल्या हाताकडे बघितलं. तळहातावर काळे बारीक दाणे पडत होते, मोहरीसारखे. अळ्यांच्या लेंड्या. वर बघितलं तर पानं हलत होती आणि वारा नव्हता. झाडाझाडावर, पानापानावर अळ्या. धाग्यानं लोंबकळत खाली येत होत्या, माझ्या पदरावर, त्यांच्या टोपीवर. ओळीनं सरळ, एका झाडाचा शेंडा दुसऱ्याला टेकलेला, मध्ये एक दुसरं झाड नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं सागवानाचंच कोवळं पान. अळ्यांना थांबायचं काही कारणच मी ठेवलं नव्हतं.

"पानीच होय नं?" त्यांनी परत विचारलं.

"अळ्या होय, मामाजी."

त्यांनी हात मिटला. बोटांनी ते दाणे चुरले. "अस्सं," एवढंच म्हणाले.

मी घरी धावले. कापसाचा फवारणीचा पंप पाठीला लावला, औषध कालवलं, परत आले आणि वर तोंड करून मारायला लागले. दोन मजल्यांवर पंपाचा फवारा कुठला पोचतो? अर्ध्यातून परत येऊन माझ्याच डोक्यावर, डोळ्यांवर पडू लागला. मी मारतच राहिले. शिव्या देत होते, अळ्यांना, पावसाला, स्वतःला. डोकं गरगरलं. मामाजींना वासानंच कळलं. आवाजाच्या रोखानं चाचपडत आले आणि पंपाचा पट्टा धरून ओढला. "खाली ठेव. ठेव म्हणतो ना! तुले काही झालं तं मले पानी कोन देईल?" मी तिथेच पाचोळ्यात बसले आणि ओकले. ते माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले. टपटप चालूच होती.

आठ दिवसांत सारं संपलं. पानं म्हणून काही उरलं नाही, नुसत्या मधल्या शिरा काड्यांसारख्या वर उभ्या. ऐन पावसाळ्यात आमचं वावर वैशाखासारखं उघडं. साळुंक्या आणि कावळे पोट फुटेस्तोवर खात होते, पण किती खाणार बिचारे. आणि काठापलीकडच्या सरकारी जंगलात, जिथे साग, धावडा, मोहा, बहावा सगळं एकमेकांत मिसळलेलं, तिथे सागाची पानं भोकं पडलेली का होईना, हिरवी होती. हे मी रोज बघत होते.

त्याच आठवड्यात जंगलात एक साहेब हिंडताना दिसले. तरुण, गळ्यात भिंग, हातात डब्या. अळ्यांचाच अभ्यास करतात असं कळलं. मी त्यांना जवळजवळ ओढूनच आणलं. त्यांनी सगळं फिरून बघितलं, निरगुडीच्या बेटापाशी बसले, दुमडलेली पानं उघडली.

"ताई, ही निरगुडी मुद्दाम ठेवली का?"

"हो, औषधाची आहे."

"हा पतंग सागावर वाढतो तसाच हिच्यावरही वाढतो. सागाला कोवळं पान नसतं तेव्हा तो अशा झाडांवर दिवस काढतो. साग फुटला की उडी मारतो. इथे दुसरी काही झाडं होती का?"

"बहावे होते. तोडले."

त्यांनी धुऱ्यावरचे खुंट बघितले. "बहाव्यावर दुसऱ्या अळ्या येतात, सागाला न लागणाऱ्या. पण त्या अळ्यांवर जगणाऱ्या बारीक माश्या असतात. त्या या अळ्यांच्याही अंगात अंडी घालून त्यांना मारतात. बहावा असला की त्या माश्या जवळपास टिकतात."

म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. मी स्वतःच्या हातानं. मी विचारलं, "म्हणजे हे माझ्यामुळे झालं?"

ते भले माणूस होते. म्हणाले, "असं म्हणता येणार नाही. हे पतंग वाऱ्यावर लांबून येतात. निरगुडी नसती तरी आले असते कदाचित. बहावे असते तरी खाल्लं असतं कदाचित. कमी खाल्लं असतं, की तेवढंच, कोणी सांगू शकत नाही." मला तेवढंही नको होतं हो. त्यांनी तोंडावर सांगायला हवं होतं की बाई, तुझ्यामुळे. मग मी रडून मोकळी झाले असते. 'कदाचित' घेऊन माणूस जाणार कुठे?

"तुरा येईल का यंदा?" मी विचारलं.

"झाडं मरत नाहीत. महिन्यात पालवी परत फुटेल. पण सगळी ताकद त्या पानांत जाईल. फूल यंदा कठीण."

मामाजी बाजूला दगडावर बसले होते. त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. ऐकलंच असेल. डोळे गेले तसे कान त्यांचे उंदरासारखे झाले होते.

दुसऱ्या दिवसापासून मी निरगुडीच्या मागे लागले. कुदळीनं खोदली, तोडली, काठावर ढीग घातला. गावातल्या बाया भांडायला आल्या. "वेडी झाली का वं तू? आमी शेकायचं काहानं?" मी कुदळ मारत राहिले. आणि निरगुडी ती निरगुडी, पंधरा दिवसांत प्रत्येक खुंटाला दहा-दहा फुटवे. परत तोडली. परत फुटली. नाल्याच्या पल्याड दुसऱ्याच्या वावरात तर तिचं रान माजलेलं होतं, तिथे माझी कुदळ कोण चालू देणार? त्याच्याही पलीकडे सारं जंगल. मी कुठवर खोदणार होते? शेवटी कुदळ टाकून दिली. पाठ अशी धरली की चार दिवस खाटेवर पडून होते, आणि मामाजींनी चाचपडत चाचपडत मला चहा करून दिला. साखर दोनदा पडली होती.

साग परत हिरवा झाला, साहेब म्हणाले तसा. भाद्रपदात मोठमोठी पानं, अळीचं नाव नाही. लोक म्हणायचे, "पाह्य, काही झालं नाई, उगाच रडत होती." तुरा मात्र एकाही झाडाला नाही. मामाजी रोज मान वर करून शोधायचे. रोजचा तो फेरा मला बघवत नव्हता. मी म्हणायचे, पायात दगड आहेत, नका येऊ. ते यायचेच. त्यांच्या नजरेची बांगडी अंगठीएवढी झाली असावी, कारण एकाच झाडापाशी ते आता खूप वेळ उभे राहायचे.

दिवाळी झाली आणि एका सकाळी त्यांनी दिवा मागितला. ऊन दारात आलं होतं. मी दिवा लावून समोर धरला. त्यांनी हात पुढे केला आणि बोट ज्योतीत घातलं. मी ओरडले. ते म्हणाले, "चटका बसला म्हंजे लागलाच हाये दिवा. बरं." त्यानंतर डोळ्यांविषयी घरात कोणी बोललं नाही.

यंदा पतंग फार आले नाहीत. का आले नाहीत, मला माहीत नाही. निरगुडी तशीच आहे, बहावे नाहीतच, पाऊस वेळेवर होता, एवढंच सांगता येईल. श्रावणात एक दिवस गवत कापायला गेले आणि वर बघितलं. शेंड्याशेंड्यावर तुरे. पांढरे, बारीक बारीक फुलांचे, परातीएवढे. मधमाश्यांचा नुसता गजर. मला काय वाटलं ते सांगते, आनंद नाही वाटला. राग आला. त्या झाडांचा इतका राग आला की एखादं माणूस असतं तर गालफडात मारली असती. वर्षभर आधी काय झालं होतं तुम्हाला?

मामाजींना सांगायचं नाही असं ठरवून घरी आले. पण त्यांनी ओट्यावरूनच विचारलं, "आला नं तुरा? माश्या ऐकू येऊन राह्यल्या सकाळपासून."

मी हात धरून घेऊन गेले. ते एका झाडाला टेकून उभे राहिले, तोंड वर, डोळे उघडे. एक फूल गळून त्यांच्या गालावर पडलं, ते त्यांनी पुसलं नाही. आणि मला राहवलं नाही. सारं बोलून टाकलं. साहेब काय म्हणाले, निरगुडी काय करते, बहावा काय करतो. "मामाजी, म्याच राहू देल्ली ते निरगुडी. म्या खाल्ला तुमचा तुरा."

"मालूम हाये," ते म्हणाले. "सागाच्या नर्सरीत निरगुडी ठेवतच नाईत. पयल्या साली शिकवलं होतं आमाले. दिसली का उपट."

मी विचारलं, "मंग सांगतलं काऊन नाई तुमी? बहाव्याचं बोलले, याचं काऊन नाई बोलले?"

त्यांनी माझ्या आवाजाकडे मान वळवली. नजर खांद्याच्या जरा बाजूला गेली.

"थंडीत तू भिंत धरून उठत होती, पोरी. त्या पाल्यानं शेकलं तरच तुले चालता ये. म्या म्हटलं, तुरा काय, पाह्यला तं पाह्यला."

  त्यांना हाताला धरून घरी आणलं, पाटावर बसवलं, भाकरी वाढली. वाढायला वाकले तेव्हा कंबरेत कळ आली, आणि ती त्यांना कळू नये म्हणून मी श्वास धरून तशीच उभी राहिले.